कॅमेऱ्याच्या मागं उभं राहायला जागा नाही

आमच्या स्टुडिओत काउंटरच्या खाली एक ड्रॉवर आहे. लोक पासपोर्ट फोटो काढतात, घाईघाईत पाकीट उचलतात आणि एखाददुसरा फोटो इथंच राहून जातो. तो फेकवत नाही. माणसाचा चेहरा कचऱ्यात कसा टाकायचा? मग तो ड्रॉवरमध्ये जातो. किश्शांचंही तसंच. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. ड्रॉवर आता नीट लागत नाही!

स्टुडिओ कॅम्प-वन या वस्तीत, भाजीबाजाराला लागून. मालक आणि फोटोग्राफर विलासभाऊ. कॉम्प्युटरवर साहूभैया. आणि काउंटरवर मी. गोंदियाकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकले, लग्न होऊन भिलाईला आले. नवरा स्टील प्लांटात ठेकेदाराकडे, शिफ्टवर. सासू गावाला. त्यामुळे यशोधरा, म्हणजे आमची यशू, कामावर माझ्यासोबतच येते. साडेतीन वर्षांची आहे, आणि मी घाबरट आहे. ती जिन्यावर चढली तर मला वाटतं पडेल, खाली बसली तर मुंगी चावेल, आणि शांत झोपली तर वाटतं, एवढी का झोपली?

तिला शाळेत घालायचं आहे, म्हणून मला हे काम हवं. आणि तिला कोणाकडे ठेवता येत नाही, म्हणून कामावर तीही हवी. विलासभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वैनी, पोरीले आणा, काही हरकत नाही. पण ज्या दिवशी ते गिऱ्हाइकाच्या फोटोत आली, त्या दिवसापासून तुमी घरी!"

मी म्हटलं, "नाही येणार भाऊ. कॅमेऱ्याच्या मागं बसवीन तिला."

तेव्हा मला काय माहीत, भाऊ कोणती काच विकत घेणार आहेत ते!

*

त्या काचेला फिशआय म्हणतात. आख्खी लेन्स लय महाग, म्हणून भाऊंनी रायपूरहून नुसती जोड आणली. आपल्या नेहमीच्या लेन्सच्या तोंडावर झाकणासारखी फिरवून बसवायची. वाटीएवढी काच, पुढून फुगलेली.

"मासोळीचा डोळा हाय हा," भाऊ म्हणाले. "मासोळीले मान नाही ना वैनी. म्हणून तिले जागेवरूनच सगळं पाहा लागते."

पहिला फोटो साहूभैयाचा काढला. अगदी तोंडाजवळ धरून. कान गेले मागं, कपाळ झालं एवढंसं, आणि नाक म्हणजे भरताचं वांगं! आम्ही हसून हसून खाली बसलो. साहूभैयालाही तो फोटो एवढा आवडला की त्यानं मोबाइलवर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई स्टुडिओत आली. थेट बालोदहून बसनं. हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. "मोर बेटा के नाक ला का होगे?"

साहूभैया समोरच उभा. नाक जागेवर, साइज तेवढीच. आईनं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. मग विलासभाऊंनी तिला कॅमेरा दाखवला, काच दाखवली, सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मान हलवली.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, लग्नासाठी याचा फोटो पाठवायचा तर तो मात्र दुसऱ्या स्टुडिओत काढायला सांग.

*

या काचेचं खरं काम पॅनोरमाचं. मैदान असो की हॉल, मधोमध ट्रायपॉड लावायचा, कॅमेरा थोडा थोडा फिरवत चारी बाजूंचे फोटो घ्यायचे आणि साहूभैयानं ते कॉम्प्युटरवर जोडायचे. मग बोटानं सरकवलं की आपण मधोमध उभं राहून गोल फिरून पाहतोय असं वाटतं. पुढं, मागं, छत, फरशी, सगळं!

सगळं म्हणजे सगळं. पहिला पॅनोरमा एका बागेचा, त्यात बाग थोडी आणि विलासभाऊच जास्त आले. प्रत्येक फोटोत खालून भाऊंचे बूट आणि बाजूनं भाऊंचं पोट.

साहूभैया म्हणाला, "भैया, बूट तो मिटा दूँगा. पेट बहुत बड़ा काम है."

मग ठरलं. कॅमेरा फिरेल तसं आपणही त्याच्या मागं मागं फिरायचं. भाऊ हातात रिमोट घेऊन, आणि मी त्यांच्या मागं उजेडाची छत्री, बॅग, वायर सांभाळत. यशू माझ्या कडेवर.

वैशाली नगरात एका लग्नात आम्ही पहिल्यांदा असं केलं. मांडवाच्या मधोमध ट्रायपॉड. भाऊ पुढं, मी मागं, थांबत थांबत गोल. कधी उजेड कमी, कधी कोणी हललं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. नवरी-नवरदेव बिचारे स्टेजवर उभे.

नवरीची आत्या खुर्चीवर बसून केव्हाची पाहत होती. शेवटी मोठ्यानं म्हणाली, "अहो, आवरा! एवढे फेरे तं नवरदेवानं नाही घेतले!"

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "उद्यापासून छत्री तू पुढून धर."

*

वैशाली नगरातलेच एक रिटायर काका. प्लांटात ऑफिसर होते. घर विकून पुण्याला मुलाकडे जायचं म्हणत होते. ब्रोकरनं सांगितलं, आजकाल लोक मोबाइलवर आधी घर पाहतात, पॅनोरमा काढून घ्या.

या काचेची एक गंमत आहे. माणूस जाडा दिसतो आणि खोली मोठी! काकांची बैठक म्हणजे एक दिवाण, एक टीव्ही आणि मधून आडवं होऊन जायला जागा. फोटोत तोच दिवाण दूर कुठंतरी, जणू प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला बाकडं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. बैठकीत उभं राहून म्हणालं, "अंकल, ये ठीक है. अब वो बड़ा वाला हॉल दिखाइए."

काका म्हणाले, "आप उसी में खड़े हैं."

गिऱ्हाईक गेलं. काका रागारागात स्टुडिओत आले, सोबत काकू. "खोटं दाखवता तुम्ही लोक! दाखवा तो फोटो पुन्हा!"

साहूभैयानं मोठ्या स्क्रीनवर लावला. काकूंनी तोवर तो पाहिलाच नव्हता. त्यांनी बैठक पाहिली. मग स्वयंपाकघर पाहिलं. ओटा केवढा लांब! मग मागचं अंगण पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आणि काकांकडे वळल्या.

"काय हो, एवढं मोठं घर कावून विकून राहिले तुमी?"

घर अजून विकलेलं नाही.

*

प्लांटातल्या एका सेक्शनची निरोपाची पार्टी होती. साहेब रिटायर होणार होते. वानखेडे काका म्हणून त्यांच्या सेक्शनचे जुने क्लर्क, फोटोंच्या बाबतीत एकदम हुशार. त्यांचा नियम एकच. ज्या वेळी जे लपून करायचं, ते फोटोग्राफरच्या मागं जाऊन करायचं. सगळे पुढं पाहतात, कॅमेरा पुढं पाहतो, मागं कोण पाहतं?

काकांना शुगर. काकू डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. ताटात मुगाची उसळ आणि काकडी. साहेबांचं भाषण सुरू झालं, विलासभाऊंनी मधोमध ट्रायपॉड लावला आणि काका हळूच उठून मागच्या टेबलाकडे गेले.

मासोळीच्या डोळ्याला मागची बाजू नसते.

फोटो सेक्शनच्या सगळ्या मोबाइलांवर गेला. काकूंनी बोटांनी मोठा केला. एका बाजूला साहेब बोलताहेत, एका बाजूला काकू भाषण ऐकताहेत, आणि बरोबर काकूंच्या समोरच्या टोकाला वानखेडे काका! मान वर, तोंड उघडं आणि गुलाबजाम हवेत.

काकू फोटो घेऊन स्टुडिओत आल्या, मागून काका. काकू म्हणाल्या, "माह्यासमोर मूग, अन् कॅमेऱ्याच्या मागं गुलाबजाम!"

काका आमच्यावरच ओरडले, "असा कॅमेरा लावाच कावून? माणसानं जावं कुठी?"

शेवटी तोड निघाली. साहूभैयानं गुलाबजाम पुसून टाकला. आता फोटोत काका मान वर करून, तोंड उघडून, हात हवेत धरून उभे आहेत. काकूंनी तो फ्रेम करून घेतला. घरी पाहुणे आले की सांगतात, "साहेबांसाठी गाणं म्हणून राहिले होते हे."

काका तरी काय करतात? पाहुणे गाण्याचा आग्रह करतात!

*

एवढे लोक पकडले गेले, पण माझा जीव यशूत. वानखेडे काकांना जावं कुठं हा प्रश्न एका दिवसाचा. मला तो रोज! कडेवर घेऊन फिरावं तर आता ती जड झाली. एका कामाला तिची चप्पल फोटोत आली, एका कामाला फुगा. दोन्ही वेळा साहूभैयानं पुसलं आणि भाऊंना सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी बाटली आली, तेव्हा तो म्हणाला, "भाभी, मैं सामान मिटा सकता हूँ. बच्ची कैसे मिटाऊँगा?"

मला रात्री तेच वाटत राहायचं. कधीतरी येणार ती फोटोत. आणि मग मी घरी.

एक दिवस कॉम्प्युटरवर पॅनोरमा खाली सरकवला, तर फरशीवर आमच्या स्टुडिओचा गोल लोगो! मी विचारलं, हा इथं कशाला? साहूभैया म्हणाला, ट्रायपॉडचे पाय दिसतात खाली, ते झाकायला. प्रत्येक फोटोत टाकतो.

मी ट्रायपॉडकडे पाहिलं. तीन पाय पसरलेले, मधे छोट्या तंबूएवढं घर. मी यशूकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तिथं. खाली चटई, हातात बिस्किट आणि ट्रायपॉडचे पाय बॅगा लटकवून घट्ट केलेले, नाहीतर तो तिच्या डोक्यावर पडेल या भीतीनं मीच आधी पडले असते! शाळेचा कार्यक्रम असो, साखरपुडा असो, दुकानाचं उद्घाटन असो. फरशीवरचा तो लोगो उचलून पाहता आला असता, तर खाली आमची यशू दिसली असती.

भाऊंना हे पटलं. "फोटोत नाही, फोटोखाली हाय. चालते."

पण पोरगी ती! कधी हात बाहेर, कधी पाय. साहूभैया लोगो थोडा मोठा करायचा. मग आणखी थोडा. एक दिवस मिठाईच्या दुकानाचा मालक स्वतःच्या उद्घाटनाचा फोटो पाहून चिडला. "आमच्या दुकानात तुमचं नाव एवढं मोठं कशाला? परवाच्या साखरपुड्यात तर लहान होतं!"

मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागले. विलासभाऊ शांतपणे म्हणाले, "काय करता साहेब. वाढून राहिली."

*

आता रुआबांधा वस्तीतल्या बुद्ध विहाराचं सांगते.

विहाराचा नवा हॉल बांधून झाला होता. सगळी आपलीच माणसं, प्लांटातली, रेल्वेतली, नागपूर-भंडाऱ्याकडून केव्हाच येऊन इथलीच झालेली. त्यांना हॉलमध्ये सगळ्यांचा एकत्र पॅनोरमा हवा होता. मोठा छापून भिंतीवर लावायचा होता. विलासभाऊंचं एवढं मोठं काम पहिलंच.

त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं, "वैनी, हा फोटो भिंतीवर जाईन. लोगो लहान पाहिजे. यशू नाही पाहिजे. या खेपेस जर ते आली ना..." पुढचं मला पाठ होतं.

मी शेजारच्या लताताईंना हातापाया पडून सोबत नेलं. त्या यशूला घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसणार होत्या.

आत वंदना झाली, पंचशील झालं. भाऊंनी मधोमध ट्रायपॉड लावून सगळ्यांना सांगितलं, गोल करून बसा, तोंडं कॅमेऱ्याकडे. लगेच विहारातल्या सगळ्यात मोठ्या शेवंताआजी म्हणाल्या, "अन् मूर्तीकडं पाठ?" खरंच की! मूर्तीसमोर बसेल त्याची भगवंताकडे पाठ होणार. कोणी तयार होईना. मग भाऊंनी ती बाजू मोकळीच ठेवली. गोलात एक जागा भगवंताची. शेवंताआजी मूर्तीच्या अगदी बाजूला बसल्या, बाकीच्या आज्या, बाया, माणसं दोन्हीकडून गोल झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत.

भाऊंनी दम भरला, "आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही! एक हलला तं सगळ्यांचा फोटो बिघडते!"

एकदम शांत. भाऊ कॅमेऱ्याच्या मागं, डोळे ट्रायपॉडवरच्या पाण्याच्या बुडबुड्यावर, कॅमेरा वाकडा होऊ नये म्हणून. मी त्यांच्या मागं. आणि समोर पाहते तर गोलात लताताई! पदर सारखा करून फोटोसाठी बसलेल्या! मी डोळ्यांनीच विचारलं, यशू? त्यांनीही डोळ्यांनीच सांगितलं, मी काय फोटोत येऊ नको काय?

तेवढ्यात दारातून यशू आली. एवढी माणसं आणि सगळी गप्प, कोणी हलत नाही, तिला वाटलं खेळच चालू आहे. तिनं मला पाहिलं. मी ज्यांच्याकडे तोंड करून उभी होते, त्यांच्यासमोर येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिथल्या आजीला बोलायची बंदी, उठायची बंदी. तिनं हळूच यशूचा फ्रॉक धरला आणि तिला मांडीवर बसवून घेतलं.

क्लिक.

कॅमेरा फिरला. भाऊ फिरले. मीही फिरले, करते काय? आता पुढच्या बाजूकडे तोंड. यशू त्या मांडीवरून उठली आणि माझ्या तोंडासमोर आली. तिथल्या मावशीनं तिला ओढून मांडीवर घेतलं.

क्लिक.

मी जिकडे तोंड करायचे, तिकडे ती. मी डोळे मोठे केले, ती हसली. क्लिक. मी मानेनं जा म्हटलं, तिनंही मान हलवली. क्लिक. मूर्तीची बाजू आली. तिथं मांडी कोणाचीच नव्हती. ती मोकळ्या जागेत जाऊन मूर्तीसारखीच मांडी घालून बसली.

क्लिक.

"झालं!" भाऊ म्हणाले, आणि मला वाटलं, खरंच झालं.

दुसऱ्या दिवशी साहूभैयानं फोटो जोडला. स्क्रीन पुन्हा पुन्हा सरकवली. मग म्हणाला, "भाभी, ये तो घूम-घूम के बैठी है."

गोल सरकवावा, तर प्रत्येक बाजूला एका मांडीवर यशू. तोच फ्रॉक, तेच हसू, आणि डोळे सगळीकडून सरळ माझ्याकडे. विलासभाऊंनी पाहिलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी यशूची बाटली, तिची चटई, तिची चप्पल पिशवीत भरायला घेतली.

एवढ्यात विहाराची मंडळी फोटो पाहायला आलीच. आठ-दहा आज्या आणि बाया एकदम आत. भाऊंना काही सांगायला वेळच नाही. स्क्रीन समोरच. सगळ्यांनी पाहिलं.

मग एक आजी पुढं झाली, स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे पाह्य! माह्या मांडीवर बसली!"

"अन् हे माह्या!" मावशी म्हणाली. "कशी गुपचूप बसली पाह्य!"

"तुह्याकडं तं नुसती टेकली. माह्याकडं नीट बसली!"

"ए बाई, सरक, मले पाहू दे!"

स्टुडिओत नुसता गलका. ज्यांच्या घरची पोरं पुण्या-बंगळुरूला गेली, त्या बाया सगळ्यात पुढं. "मले याचा एक फोटो वेगळा पाहिजे," जी ती म्हणू लागली. साहूभैया गोंधळला, कोणती यशू कोणाची!

शेवंताआजी मात्र मागं उभ्या. काठीवर दोन्ही हात. गलका संपेपर्यंत थांबल्या. मग पुढं आल्या, चष्मा स्क्रीनला लागेल एवढ्या जवळ. एक चक्कर गोल पाहिली. मूर्तीजवळ थांबल्या. आपली मांडी पाहिली. रिकामी!

"विलास," आजी म्हणाल्या, "हा फोटो चुकला. पुन्हा घे."

"आजी, फोटो तं..."

"सगळ्यांकडं गेली, माह्याकडं नाही आली. पुन्हा घे. अन् सुरुवात माह्यापासून कर!"

भाऊंनी चष्मा उचलला, घातला. माझ्या हातातल्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "उद्या यशूले पोटभर जेवू घालून आणजा. लय फिरा लागते तिले."